वजन उतरते, त्वचा उरते

अतिस्थूल व्यक्तीचे वजन उतरले, की तिचा त्रास संपला, असे पाहणाऱ्याला वाटते. मधुमेह आटोक्यात येतो, गुडघ्यांवरचा भार हलका होतो, जिना चढताना धाप लागत नाही. आप्तस्वकीय कौतुक करतात. परंतु ज्या व्यक्तीने चाळीस-पन्नास किलो वजन घटवलेले असते, तिच्यापुढे एक नवाच प्रश्न उभा राहतो. मेद जातो; पण त्याला सामावून घेण्यासाठी ताणली गेलेली त्वचा मागे उरते. पोट, दंड, मांड्या आणि छाती यांवर ती घड्या पडून लोंबू लागते.

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत मोठा अवयव आहे. प्रौढ व्यक्तीच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारणपणे दीड ते दोन चौरस मीटर असते. वरच्या पातळ थराखाली असलेल्या अंतस्त्वचेत कोलॅजन व इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू असतात. कोलॅजन त्वचेला बळकटी देते, तर इलॅस्टिन तिला लवचीक ठेवते. त्वचा वर्षानुवर्षे ताणलेली राहिली, तर हे तंतू तुटतात व विस्कळीत होतात. जुन्या कपड्यातील इलॅस्टिक एकदा सैल पडले, की ते पुन्हा आवळत नाही. त्वचेचेही काहीसे तसेच होते. वाढते वय, आनुवंशिकता, धूम्रपान आणि स्थूलतेचा दीर्घ काळ यांमुळे ही लवचिकता आणखी घटते. व्यायामाने त्वचेखालचे स्नायू पिळदार होतात, परंतु लोंबणारी त्वचा आक्रसत नाही. मलमांनीही ती नाहीशी होत नाही.

हा प्रश्न केवळ रूपाचा आहे, असे मानणे योग्य नाही. त्वचेच्या घड्यांमध्ये घाम साचतो, तेथे हवा लागत नाही आणि कातडी कातडीवर घासली जाते. त्यामुळे पुरळ उठते, बुरशी वाढते, कधी जखमा होऊन त्यांत जंतुसंसर्ग होतो. मुंबई, चेन्नई किंवा कोलकाता येथील दमट हवेत हा त्रास अधिकच जाणवतो. पोटाची घडी मांड्यांवर उतरली असेल, तर चालणे, बसणे आणि अंग स्वच्छ ठेवणेही कठीण होते. एवढे कष्ट करूनही आरशात आपले शरीर परके दिसावे, ही खंत निराळीच असते.

अशा वेळी प्लास्टिक सर्जरीचा उपयोग होतो. ‘प्लास्टिक’ या शब्दामुळे शरीरात प्लास्टिक बसवतात, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हा शब्द ‘घडवणे, आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. या विद्येची मुळे भारतातही खोलवर रुजलेली आहेत. सुश्रुतसंहितेत त्वचेच्या साहाय्याने नाक घडवण्याची रीत सांगितली आहे. पुण्याजवळच्या एका जाणकाराने कपाळावरील त्वचेपासून एका बैलगाडीवानाचे कापलेले नाक पुन्हा घडवले होते. त्याचा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला. पोटावरील जादा त्वचा व मेद काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये केल्याची नोंद आहे. एका शस्त्रक्रियेत उणी असलेली त्वचा आणायची, तर दुसरीत अधिक असलेली काढायची. परंतु तत्त्व एकच. मागे राहणाऱ्या त्वचेचा रक्तपुरवठा अबाधित राहिला पाहिजे.

पोटावरील शस्त्रक्रियेचे प्रमुख दोन प्रकार आहेत. एकात केवळ लोंबणारी घडी कापून काढतात. दुसऱ्यात त्याबरोबरच पोटाचे सैल झालेले स्नायू टाक्यांनी आवळतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. दंड, मांड्या, छाती यांवरही अशा शस्त्रक्रिया होतात. रुग्णाला उभे करून कापायच्या जागा आधी शाईने आखून घेतात, कारण आडवे झाल्यावर घड्यांची जागा बदलते. मोठ्या शस्त्रक्रिया रुग्णाला पूर्ण भूल देऊन करतात. अनेक भागांची त्वचा काढायची असेल, तर काम टप्प्याटप्प्याने होते.

या शस्त्रक्रियेसाठी घाई करून चालत नाही. वजन किमान काही महिने स्थिर राहावे लागते. अन्यथा त्वचा पुन्हा ताणली जाते किंवा पुन्हा सैल पडते. जठरावरील शस्त्रक्रियेने वजन घटवलेल्या रुग्णाला म्हणूनच सहसा वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. अशा रुग्णांत प्रथिने, लोह व जीवनसत्त्व ब-१२ यांची उणीव आढळते. ती भरून काढली नाही, तर जखम नीट भरत नाही. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून धूम्रपान काही आठवडे आधीच सोडावे लागते.

धोकेही समजून घ्यायला हवेत. जखमेत द्रव साचणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, टाके उसवणे आणि पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे हे त्यांतील प्रमुख होत. म्हणूनच द्रव वाहून जाण्यासाठी नळी बसवतात, घट्ट पट्टा वापरायला सांगतात आणि रुग्णाला लवकर चालवतात. लांब व्रण कायमचे राहतात. कालांतराने ते फिकट होतात, परंतु पुसले जात नाहीत.

खर्चाचा प्रश्नही बिकट आहे. भारतातील आरोग्यविमा सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सामान्यतः देत नाही. आरोग्याला थेट धोका असल्याचे डॉक्टरांनी प्रमाणित केले, तर मात्र अपवाद होऊ शकतो. त्यामुळे वारंवार होणाऱ्या संसर्गाच्या व उपचारांच्या नोंदी जपून ठेवणे हिताचे असते.

२०२५ मध्ये वजन घटवणारी काही नवी इंजेक्शने भारतात विक्रीस आली. त्यामुळे हा प्रश्न अधिक लोकांपुढे येण्याची शक्यता आहे. ही शस्त्रक्रिया वजन घटवण्याचा मार्ग नव्हे, तसेच ती प्रत्येकाला आवश्यकही नसते. ती करावी की नाही, याचा निर्णय त्या व्यक्तीने डॉक्टरांशी विचारविनिमय करून घ्यायचा असतो. इतरांनी मात्र एवढे ओळखावे, की सैल त्वचा ही आळसाची खूण नाही. ती एका कठीण प्रवासाची साक्ष आहे.