लाकडी होड्यांची दुरुस्ती

लाकडी होड्यांची दुरुस्ती म्हणजे होडीचा मूळ आकार कायम ठेवून तिचे कुजलेले वा झिजलेले भाग बदलण्याची आणि सांधे पुन्हा जलरोधक करण्याची कारागिरी होय. कोकण किनाऱ्यावर हे काम परंपरेने खाडीकाठच्या मोकळ्या जागेत किंवा लहान कारखान्यांत केले जाते. नवी मुंबईतील सीबीडी बेलापूरनजीकचा दिवाळे कोळीवाडा पनवेल खाडीच्या काठी आहे. अशा खाड्यांमध्ये लहान होडीसाठी स्वतंत्र गोदी लागत नाही. उधाणाच्या भरतीला होडी काठावर घेतात आणि ओहोटीला तिचा तळ उघडा पडतो.

इतिहास

सुरतेचे जहाजबांधणी कारागीर लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये मुंबईत आले. त्यांच्या घराण्याने मुंबई गोदीत सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी 1817 मध्ये जलावतरण झालेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही तरंगत आहे. इंग्लंडमधील हार्टलपूल येथे 1990 ते 2001 या काळात तिचा जीर्णोद्धार करण्यात आला. सागाच्या लाकडातील नैसर्गिक तेलामुळे ते पाण्यात दीर्घकाळ टिकते.

हानीची कारणे

खाऱ्या पाण्यात कुजवणाऱ्या बुरशीची वाढ मंदावते. मात्र होडीत साचलेल्या पावसाच्या गोड्या पाण्यामुळे ती फोफावते. म्हणून पावसाळ्यात काठावर ओढलेल्या होडीवर झापांचे किंवा ताडपत्रीचे आच्छादन घालतात आणि हवा खेळती ठेवतात. समुद्रातील लाकूड पोखरणारे जीव पाण्याखालच्या फळ्यांत बोगदे करतात. लोखंडी खिळे गंजल्यास त्यांच्याभोवतीचे लाकूड काळे पडून ठिसूळ होते.

कार्यपद्धती

प्रथम हातोडीने फळ्या ठोकून पाहतात. बद्द आवाज आल्यास आतील लाकूड कुजलेले असण्याची शक्यता असते. टोकदार हत्याराने त्याची खात्री करतात. फळी काढण्यापूर्वी होडीला दोन्ही बाजूंनी टेकू देतात, अन्यथा सांगाडा वाकून आकार कायमचा बिघडतो. याच कारणाने सर्व फळ्या एकदम न काढता थोड्याथोड्या बदलतात. जुन्या फळीवरून फर्मा तयार करून नवी फळी कापली जाते.

त्यानंतर सांध्यांत कापसाची वात ठोकून बसवतात आणि वरून राळ व तेल यांचे मिश्रण भरतात. तळाला चुना व चरबी यांचा लेप, तर वरच्या भागास माशाचे तेल लावण्याची जुनी पद्धत होती. कोरडी राहिलेली होडी पाण्यात उतरवल्यावर आरंभी काहीशी गळते. फळ्या फुगल्यावर सांधे मिटतात. वात प्रमाणाबाहेर ठोकल्यास फुगलेल्या फळ्यांचा ताण सांगाड्यावर येतो. वातीचे योग्य प्रमाण कारागीर मुख्यतः हाताच्या अंदाजाने ठरवतो.

सद्यस्थिती

कमी देखभाल लागत असल्याने फायबरच्या होड्यांचा वापर वाढला आहे. जुन्या लाकडी होडीवर फायबरचा थर देण्याचा उपायही केला जातो. परंतु ओले लाकूड त्याखाली बंदिस्त झाल्यास ते आतून कुजत राहते आणि बाहेरून दिसत नाही. लाकडी होडीचा जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येतो. त्यामुळे तिचे आयुष्य लाकडाइतकेच ते बदलू जाणणाऱ्या कारागिरावर अवलंबून असते. हे कौशल्य प्रत्यक्ष कामातूनच पुढील पिढीकडे जात असल्याने, दुरुस्तीला येणाऱ्या होड्या घटल्या की ते शिकण्याची संधीही घटते.