टोमॅटो व काकडीची किडकिडीत रोपे : कोणती वाचवावीत, कोणती टाकावीत

भाजीपाल्याच्या यशाचा पाया रोपात असतो. रोप उंच, बारीक व फिक्कट झाले की ते वाऱ्याने लवते, पावसाने आडवे होते आणि पुढे फळ कमी धरते. महागडे संकरित बियाणे घेतलेल्या बागायतदाराचे पैसे व हंगाम दोन्ही अशा वेळी धोक्यात येतात. तथापि सर्व पिकांना एकच उपाय लागू पडत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

कारणे

रोप किडकिडीत होण्याचे मुख्य कारण अपुरा प्रकाश हे होय. प्रकाश कमी पडला म्हणजे खोडातील पेशी लांबतात व रोप उजेडाच्या शोधात वर चढते. मुंबई उपनगरातील पवई येथे याचा प्रत्यय चांगला येतो. येथील तलाव १८९१ मध्ये बांधण्यात आला. त्याच्या आसपास पवई, तिरंदाज, पासपोली अशी खेडी होती. आज तेथे उंच इमारती आहेत आणि अनेक कुटुंबे गॅलरीत कुंड्यांमधून भाजी लावतात. गॅलरीत प्रकाश एकाच बाजूने येतो. त्यात जून ते सप्टेंबर या काळात येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व आभाळ दिवसचे दिवस झाकलेले असते. साहजिकच रोपे कठड्याकडे वाकून लांबत जातात. कोकणात आंब्याच्या सावलीत किंवा घराच्या पडवीत टाकलेल्या रोपांचीही हीच गत होते. दाट पेरणी, नत्रयुक्त खताचा अतिरेक व सतत ओल यांमुळे हा दोष वाढतो.

टोमॅटोची रोपे

टोमॅटोच्या खोडाचा जो भाग मातीत जातो, त्याला नवीन मुळे फुटतात. म्हणून टोमॅटोचे लांबलेले रोप सहसा वाचविता येते. त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे :

१. चाळलेली माती व चांगले कुजलेले शेणखत समभाग घेऊन त्यात थोडी वाळू मिसळावी. कुंडीच्या तळास पाणी निघून जाण्यासाठी भोक असावे.

२. रोपास आदल्या दिवशी पाणी द्यावे. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ते पानास धरून मुळांवरील मातीसह उचलावे. खोडास चिमटीत धरू नये.

३. खालची पाने काढून रोप वरच्या पानांपर्यंत मातीत लावावे. खोड फार लांब असल्यास ते तिरपे निजवून शेंडा वर ठेवावा.

४. हलके पाणी देऊन तीन-चार दिवस विरळ सावलीत ठेवावे. नंतर क्रमाक्रमाने उन्हात आणावे.

वांग्याच्या खुंटावर कलम केलेले टोमॅटोचे रोप मात्र असे खोल लावू नये. कलमाचा सांधा मातीच्या वरच राहिला पाहिजे. नाही तर टोमॅटोच्या खोडासच मुळे फुटतात व खुंटाचा लाभ जातो.

काकडीची रोपे

काकडीचे खोड कोवळे व पाणीदार असते. ते खोल पुरल्यास, विशेषतः पावसाळी ओलीत, कुजण्याची भीती असते. तिची मुळेही नाजूक असून हलविल्यास दुखावतात. म्हणून थोडे लांबलेले रोप मातीच्या गड्ड्यासह, पूर्वीच्याच खोलीवर लावावे व त्यास काडीचा आधार द्यावा. रोप फारच लांबले असल्यास ते टाकून नवीन बी लावणे श्रेयस्कर होय. काकडीचे बी साधारणपणे आठवड्याच्या आत उगवते. त्यामुळे नुकसान थोड्याच दिवसांचे होते. बी कागदी द्रोणात किंवा लहान पिशवीत दोन-दोन टाकावे, पुढे एक सशक्त रोप ठेवावे आणि दोन-तीन खरी पाने येताच गड्डा न फोडता लावावे. डोंगरउतार व जास्त पावसाच्या भागासाठी कोकण कृषी विद्यापीठाची ‘शीतल’ ही जात उपयुक्त आहे.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

बी विरळ पेरावे. उगवण दिसताच रोपे मोकळ्या प्रकाशात आणावीत. मुसळधार पावसापासून रक्षणासाठी वर पारदर्शक कागदाचे छत करावे, परंतु बाजू मोकळ्या ठेवाव्यात. गॅलरीतील कुंड्या दररोज थोड्या फिरवाव्यात. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. टोमॅटोच्या लागवडीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करून रोपे काटक करावीत.

विस्तार कार्यकर्त्यांनी दोन्ही पिकांची रोपे शेजारी शेजारी ठेवून हा फरक बागायतदारांस प्रत्यक्ष दाखवावा. टोमॅटो खोल लावावा, काकडी पुन्हा पेरावी आणि दोहोंस आरंभापासून भरपूर प्रकाश द्यावा.