किताबाआधीची पैलवान

महाराष्ट्र केसरी हा किताब 1961 साली औरंगाबादला सुरू झाला. दिनकर दह्यारी हे त्याचे पहिले मानकरी. बायकांना त्याच नावाच्या किताबासाठी लढायला मिळालं ते मार्च 2023 मध्ये, सांगलीत. मध्ये 62 वर्षं गेली. सांगलीच्या त्या अंतिम लढतीत सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली आणि कल्याणची वैष्णवी पाटील हरली. हे कल्याण लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

एवढा उशीर का झाला, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, 'बायका कुठे लढत होत्या?' हे उत्तर साफ खोटं आहे. लढत होत्या, तिकीट लावून लढत होत्या, पुरुषांशीही लढत होत्या. त्यातल्या सगळ्यांत गाजलेल्या बाईचा, हमीदा बानूचा, शेवट तर आपल्याच राज्यात झाला. तिच्या नावापुढे 'केसरी' लागलं नाही, याचं कारण समजायचं तर किताब ही चीज चालते कशी, हे आधी पाहावं लागतं.

आमच्या वऱ्हाडातल्या दर्यापूर-अंजनगावकडची आमदंगल, म्हणजे मातीवरच्या खुल्या कुस्त्यांचा फड, घ्या. तिथे गुणफलक नसतो. जोड लावली जाते, इनाम पुकारलं जातं, सलामी होते आणि कुस्ती सुरू होते. दोन्ही खांदे मातीला टेकले की निकाल. मॅटवरचं गणित वेगळं. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. ताबा घेतला तर दोन गुण, मोठी फेक बसली तर चार किंवा पाच, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. मातीवर पैलवान मोठा ठरतो तो त्याने कुणाला पाडलं यावरून, आणि ते पाहणारे शेकडो लोक म्हणजेच त्याचं प्रमाणपत्र. किताबाला मात्र आणखी काही लागतं. भरवणारी संघटना लागते, वजनगट लागतात, तोलामोलाचे प्रतिस्पर्धी लागतात आणि यादी सांभाळून ठेवणारं कुणी तरी लागतं. हमीदा बानूजवळ यातलं काहीच नव्हतं. होतं ते फक्त आव्हान.

मिर्झापूरची ही बाई अलीगढला सलाम पैलवानाच्या हाताखाली तयार झाली. उंची पाच फूट तीन इंच, वजन 108 किलो. 1954 च्या फेब्रुवारीत तिने जाहीर केलं की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन पुरुष पैलवान तिने थोड्याच दिवसांत पाडले. मे महिन्यात ती बडोद्याला आली. तिथे छोटे गामाशी कुस्ती ठरली होती. बाईशी लढणार नाही म्हणून त्याने ऐन वेळी माघार घेतली. मग बाबा पैलवान उभा राहिला. ती कुस्ती तिने 1 मिनिट 34 सेकंदांत जिंकली. आपण 320 कुस्त्या जिंकल्या आहेत असा तिचा तेव्हाचा दावा होता. दाव्यात जाहिरातीचा भाग किती, हे आज मोजता येणार नाही, पण वर्तमानपत्रं तिच्या कुस्त्यांबरोबर तिच्या खुराकाचीही यादी छापत होती. दिवसाला साडेपाच लिटरच्या वर दूध, कोंबडी, किलोभर मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम, वर बिर्याणीच्या दोन ताटल्या! पैलवानाच्या खुराकावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गप्पा होतात. त्या गप्पांत ही बाई कधी आली नाही याचंच मला नवल वाटतं.

त्याच वर्षी मुंबईत तिने रशियाच्या व्हेरा चिस्तिलिनला मिनिटभराच्या आत हरवलं. पण महाराष्ट्राने तिला सरळ लढू दिलं असं नाही. कोल्हापुरात तिने एका पंजाबी पैलवानाला पाडलं तर लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेने हरकत घेतल्यामुळे रद्द झाली. तिने थेट मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. त्यांचं उत्तर मोठं मासलेवाईक आहे: ती बाई आहे म्हणून बंदी नाही, भरवणारे तिच्यासमोर खोटे पैलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून बंदी. म्हणजे संशय लढणारीवर नव्हता, लढत भरवणाऱ्यांवर होता. शिक्षा मात्र लढणारीला.

आता जरा अमेरिकेकडे वळू, कारण तारखा विलक्षण जुळतात. मिल्ड्रेड बर्क ही तिथली व्यावसायिक कुस्तीगीर जत्रांतून पुरुषांना आव्हान देत पुढे आली, अगदी हमीदा बानूसारखीच. फरक हा की तिथे कुस्तीचा धंदा उभा होता, ठेकेदार होते, त्यामुळे 1937 मध्ये क्लारा मॉर्टेन्सनला हरवल्यावर तिला महिलांचा जागतिक किताब मिळाला. पुढे भरवणाऱ्यांशीच तिचं बिनसलं. तिचा नवरा बिली वुल्फ हाच महिला कुस्तीचा मोठा ठेकेदार होता! 20 ऑगस्ट 1954 रोजी अटलांटात जून बायर्सशी तिची किताबाची लढत लागली. व्यावसायिक कुस्तीत निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. ही लढत मात्र खरीखुरी झाली. पहिला डाव बायर्सने घेतला, दुसरा निकाली लागण्याआधीच लढत थांबवण्यात आली आणि किताब कुणाचा यावर भांडण राहिलं ते राहिलंच. बर्कने स्वतःची संघटना काढली. तिचा पट्टा पुढे जपानला गेला आणि तिथल्या मुलींनी तो दशकानुदशकं लढवला.

एकाच वर्षी, पृथ्वीच्या दोन टोकांना, दोन बायका. एकीला किताब होता, तो भरवणाऱ्यांच्या भांडणात सापडला. दुसरीला किताबापर्यंत पोचूच दिलं नाही.

अधिकृत कुस्ती तर या दोघींच्याही फार मागे होती. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा 1987 साली नॉर्वेत झाली आणि ऑलिंपिकचं दार 2004 ला अथेन्समध्ये उघडलं. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी 1936 मध्येच बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली होती. तिथून मोजलं तर बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये यायला 68 वर्षं लागली. साक्षी मलिकचं 2016 चं कांस्य, कोल्हापूरकडच्या रेश्मा माने, नंदिनी साळोखे यांच्यासारख्या मुलींची तयारी हे सगळं त्यानंतरचं.

म्हणून 2023 च्या सांगलीचं मोल मोठं. पण त्या किताबाच्या जन्मातच 1954 ची सावली आहे. महिलांची दुसरी एक महाराष्ट्र केसरी स्पर्धा त्याच सुमारास जाहीर झाली आणि अधिकृत कोणती यावर वाद पेटला. पुरुषांकडे तर कमालच. राज्यात कुस्तीच्या दोन संघटना, त्यामुळे नोव्हेंबर 2023 या एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख आणि धाराशिवला शिवराज राक्षे. दोघेही अस्सल पैलवान, लढतीही अस्सल. गोंधळ होता तो आयोजनाच्या टेबलावर. जानेवारी 2025 मध्ये महिलांची स्पर्धा आपल्या विदर्भात, वर्ध्याजवळ देवळीला आली. तिथे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या भाग्यश्री फंडने कोल्हापूरच्या अमृता पुजारीला हरवून किताब घेतला. ज्या कोल्हापुरात हमीदा बानूवर दगड पडले, तिथली मुलगी आज अंतिम फेरीची दावेदार असते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. बदल कुठे झाला म्हणाल तर इथे झाला. संघटना मात्र तशाच आहेत.

आणि कल्याण? हमीदा बानू पुढे कल्याणलाच राहिली. युरोपात लढायला जायचं तिच्या मनात होतं. ते मान्य नसलेल्या सलाम पैलवानाने तिला मारहाण करून तिचे हात मोडले, असं तिच्या घरचे सांगतात. कुस्ती सुटली. कल्याणला तिने दुधाचा धंदा केला, हात आखडला तेव्हा रस्त्याच्या कडेला खाण्याचे पदार्थ विकले आणि 1986 मध्ये तिथेच ती वारली. पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत उतरलेली मुलगी त्याच गावची असावी, यात कुणाची योजना नाही. निव्वळ योगायोग आहे, पण मला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

हमीदा बानूच्या कुस्त्या आज आपल्याला कळतात त्या कुठल्या संघटनेच्या दप्तरातून नव्हे, जुन्या जाहिराती आणि वर्तमानपत्रांच्या कात्रणांतून. वऱ्हाडातल्या आमदंगलींची पत्रकं अशीच माळ्यावर, जुन्या पेट्यांत पडून असतील. तुमच्या घरी एखादं निघालं आणि त्यात बाईच्या नावाची जोड छापलेली दिसली, तर रद्दीत घालू नका. त्याचा फोटो काढा आणि जवळच्या वाचनालयात किंवा तालमीत नेऊन द्या.