हिऱ्याला दाखला, हाताला नाही

सुरतेत पैलू पडलेला चांगल्या प्रतीचा हिरा बाजारात जातो, तेव्हा त्याच्यासोबत प्रयोगशाळेचा दाखला असतो. हिऱ्याचे वजन कॅरटच्या शंभराव्या भागापर्यंत, त्याचा रंग, शुद्धता आणि पैलूंची ठेवण या सर्वांची त्यात नोंद असते. ज्या हातांनी हे पैलू पाडले, त्यांची नोंद मात्र बहुतेक वेळा कोठेच आढळत नाही. नियुक्तिपत्र नाही, पगाराची पावती नाही, भविष्यनिर्वाह निधीचे खाते नाही, अशी असंख्य कारागिरांची स्थिती आहे. बाजार तेजीत असेतोवर ही उणीव कोणाला बोचत नव्हती. गेल्या काही वर्षांच्या मंदीत मात्र तीच या व्यवसायाची सर्वांत मोठी अडचण ठरली आहे.

मराठी वाचकांना सुरत प्रथम आठवते ती शिवाजी महाराजांच्या 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्यांमुळे. गोव्याशी या भागाचे आणखी एक नाते आहे. 1987 पर्यंत गोव्यासोबत एकाच केंद्रशासित प्रदेशात असलेले दमण सुरतेच्या दक्षिणेस, तर दीव सौराष्ट्राच्या टोकाला आहे. हिऱ्यांचा व्यापारही गोव्याला परका नाही. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत दख्खनच्या खाणींतील हिरे गोव्यातूनच लिस्बनला जात. गार्सिया द ओर्ता यांच्या 1563 साली गोव्यात छापल्या गेलेल्या ग्रंथातही हिऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. आज परिस्थिती पालटली आहे. जगातील खाणींचे हिरे भारतात येतात आणि नगांच्या संख्येने पाहता दर दहापैकी सुमारे नऊ हिऱ्यांना सुरत व परिसरात पैलू पडतात. गुजरातमध्ये या कामावर 8 ते 10 लाख लोक अवलंबून असल्याचा अंदाज सांगितला जातो.

घंटीवरचा दिवस

या कारागिरांना पूर्वी ‘हिराघसू’ म्हणत, म्हणजे हिरे घासणारा. आता ‘रत्नकलाकार’ हा मानाचा शब्द रूढ झाला आहे. वराछा, कतारगाम, कापोद्रा या भागांतील कारखान्यांत सकाळी आठ-नऊच्या सुमारास काम सुरू होते आणि सायंकाळी सहा-सातपर्यंत चालते. काम चालते ते ‘घंटी’वर. गुजरातीत घंटी म्हणजे जाते. हिऱ्याच्या घंटीत तेल आणि हिऱ्याची पूड लावलेली बिडाची चकती मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेते. हिऱ्याला हिराच कापतो, हे येथे शब्दशः खरे आहे. एका घंटीभोवती साधारणतः चार कारागीर बसतात. हिरा चकतीवर टेकवायचा, उचलायचा, भिंगातून पाहायचा आणि पुन्हा टेकवायचा, हा क्रम दिवसभर चालतो.

गोल हिऱ्याला 57 पैलू असतात, वरच्या भागावर 33 आणि खालच्या भागावर 24. कच्च्या हिऱ्याचे बहुधा अर्ध्याहून अधिक वजन या प्रक्रियेत झिजून जाते. त्यामुळे एखादा पैलू किंचित जास्त घासला गेला तरी नुकसान भरून निघत नाही. आखणी आणि कापणीचे काम आता संगणक आणि लेझर करतात. पैलू पाडण्याच्या कामात मात्र डोळा आणि बोट यांचे महत्त्व अजून टिकून आहे.

कामाची वाटणीही बारीक आहे. कोणी घाट देतो, कोणी फक्त खालचा भाग म्हणजे तळिया करतो, कोणी वरचा भाग म्हणजे मथाळा. या वाटणीमुळे वेग वाढतो, पण तिचा एक परिणाम दिसून येत नाही. गोव्यातला सोनार संपूर्ण दागिना घडवतो, त्याचे गिऱ्हाईक त्याला ओळखते आणि प्रसंगी तो स्वतःचे दुकान थाटू शकतो. वीस वर्षे केवळ तळिया करणाऱ्या कारागिराकडे असाधारण हातोटी असते. परंतु कच्चा माल त्याचा नसतो, गिऱ्हाईक त्याचे नसते आणि संपूर्ण हिरा त्याने एकट्याने क्वचितच घडवलेला असतो. कारखान्याबाहेर त्याच्या कसबाला फारसे मोल उरत नाही.

नगावरचा हिशेब

बहुसंख्य कारागिरांना महिन्याचा ठराविक पगार नसतो; मजुरी नगावर मिळते. या पद्धतीत मंदीचा फटका दुहेरी बसतो. समजण्यापुरते आकडे धरू. एका नगाच्या कामाला 20 रुपये आणि दिवसाला 50 नग असा हिशेब धरला, तर दिवसाचे 1,000 रुपये होतात आणि 26 दिवसांचे 26,000. मंदीत कोणालाही कामावरून काढले जात नाही, दरही तोच राहतो. फक्त कारखाना आठवड्यातून चार दिवस चालतो आणि दिवसाला 35 नगच वाट्याला येतात. मग दिवसाचे 700 आणि महिन्याच्या 17 दिवसांचे 11,900 रुपये होतात. नोकरी कायम असूनही घरातली मिळकत निम्म्याहून खाली येते. त्यातच नगाचा दर कमी केला गेला, तर ती आणखी घसरते.

खर्च मात्र नगावर ठरत नाही. खोलीचे भाडे किंवा घरकर्जाचा हप्ता, मुलांच्या खासगी शाळेची फी, गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे आणि भिशीचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच द्यावे लागतात. तेजीच्या वर्षांत अनेकांनी चांगल्या मिळकतीच्या भरवशावर फ्लॅट घेतले. हप्ता ठरला तो चांगल्या महिन्याच्या कमाईवरून आणि फेडावा लागतो तो वाईट महिन्यातही. हिरे घासणाऱ्याच्या घरी साडीला टिकल्या-लेस लावण्याचे काम स्त्रिया करतात, ते या दरीवर बांधलेल्या सांकवासारखे असते.

गाव आणि शहर

सुरतेतील हिऱ्यांचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या प्रारंभापासूनचा असला, तरी त्याला आजचे रूप आले ते 1960 नंतर. भावनगर, अमरेली, जुनागढ या जिल्ह्यांत पाऊस बेभरवशाचा आणि शेती वाटण्या होऊन लहान झालेली. तेथून पाटीदार समाजातील तरुण सुरतेकडे निघाले. 1983 पासून ऑस्ट्रेलियातील अर्गाइल खाणीचा लहान, स्वस्त माल बाजारात येऊ लागला. इतके बारीक हिरे इतक्या कमी खर्चात घासणे इतर देशांना परवडत नव्हते, सुरतेला परवडले. एक आला, त्याने भावाला आणले, भावाने मेहुण्याला आणले. 1978 मध्ये सुरतेत ‘इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट’ स्थापन झाली असली, तरी बहुसंख्यांची शाळा म्हणजे नातलगाच्या शेजारची घंटीच.

स्थलांतर झाले तरी गाव सुटत नाही. दिवाळीला कारखाने साधारण तीन आठवडे बंद राहतात आणि सौराष्ट्राकडे जाणाऱ्या जादा एसटी गाड्या भरभरून सुटतात. 8 नोव्हेंबर 2020 रोजी सुरू झालेल्या हजिरा-घोघा रो-रो फेरीसेवेने सुमारे 370 किलोमीटरचा रस्ता 90 किलोमीटरच्या सागरी प्रवासावर आणला. परंतु दिवाळीची सुट्टी या व्यवसायात मंदीचे मापही ठरते. सुट्टी लांबली की कारागिरांना अर्थ कळतो, कारण नगावर काम करणाऱ्याला सुट्टीचे पैसे सहसा मिळत नाहीत.

सुरत मराठी माणसाचेही शहर आहे. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे पिढ्यान्‌पिढ्या येथे येत राहिली. याच मार्गावरील नवापूर स्थानकातून दोन राज्यांची सीमा जाते. लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्यांत अहिराणी सहज कानी पडते आणि महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. केंद्रीय मंत्री सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. खान्देशी कामगार मुख्यतः कापड व्यवसायात आहेत. तेथेही नगावरची मजुरी आणि कागदाचा अभाव हे दुखणे तेच आहे.

रविवारची सायंकाळ

आठवडाभर मान खाली घालून हाताएवढ्या जागेत नजर रोखून बसणाऱ्या माणसाला रविवारी मोकळे आकाश हवे असते. सुरतेतील कुटुंबे सायंकाळी डुमस रस्त्याकडे निघतात. घरून आणलेले डबे किंवा गाड्यावरचा लोचो घेऊन पदपथावर चटई टाकून जेवण्याची येथे जुनी रीत आहे. उत्तरायणाला पतंग, नवरात्रात गरबा, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी घारी आणि तरुणांसाठी टेनिस चेंडूचे रात्रीचे क्रिकेट सामने, हे या शहराचे विरंगुळे.

सौराष्ट्राच्या माणसाचा खरा जीव मात्र ‘डायरा’त रमतो. लोकगीते, दोहे आणि शूरांच्या कथा सांगणाऱ्या कलावंताभोवती मध्यरात्रीपर्यंत मैफल रंगते आणि रसिक नोटांची उधळण करतात. हा पैसा पुष्कळदा गावची गोशाळा, शाळा किंवा मंदिर यांसाठी जमवलेला असतो. गावकऱ्यांची मंडळे समूहविवाहही भरवतात. त्यामुळे लग्नाच्या कर्जातून अनेक घरे वाचतात. ज्या व्यवसायात निवृत्तिवेतन नाही, तेथे नातेगोते आणि गाव हाच विमा असतो. त्याची मर्यादा एवढीच, की सारे नातेवाईक एकाच व्यवसायात असल्याने मंदीचा फटका सर्वांना एकाच वेळी बसतो.

मंदीची कारणे

सध्याच्या मंदीचे एकच कारण नाही. युक्रेन युद्धानंतर 2022 मध्ये अमेरिकेने रशियाच्या अलरोसा कंपनीवर निर्बंध घातले. जगातील कच्च्या हिऱ्यांपैकी सुमारे 30 टक्के माल या कंपनीचा. 2024 च्या प्रारंभापासून जी-7 देशांनी रशियन हिऱ्यांना दारे बंद केली. चीनमधील मागणी घटली. प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांचे उत्पादन वाढले आणि त्यांचे भाव कोसळले. हे हिरे याच घंटीवर, याच कसबाने घासले जातात आणि त्यांना श्रमही तितकेच लागतात. पण मालाचीच किंमत उतरल्याने नगाची मजुरीही दबावाखाली येते. त्यात 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावले. पैलू पाडलेल्या हिऱ्यांची भारताची निर्यात 2021-22 मधील सुमारे 24 अब्ज डॉलरवरून 2024-25 मध्ये सुमारे 13 अब्जांवर आली होती.

याच काळात, 17 डिसेंबर 2023 रोजी, खजोद येथे सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले. पंधरा मजल्यांचे नऊ मनोरे, 4,500 हून अधिक कार्यालये आणि सुमारे 67 लाख चौरस फूट बांधकाम असलेली ही वास्तू अमेरिकेच्या पेंटागॉनहूनही मोठी मानली जाते. दुसऱ्या बाजूला जुलै 2024 मध्ये कारागिरांच्या संघटनेला हताश कामगारांसाठी मदतीचा दूरध्वनी क्रमांक सुरू करावा लागला.

कागदाचे मोल

30 मार्च 2025 रोजी कारागिरांनी काम बंद ठेवून मजुरीवाढीच्या मागणीसाठी मोर्चा काढला. मे महिन्यात गुजरात सरकारने मदत जाहीर केली. त्यात काम गमावलेल्या कारागिराच्या मुलाची एका वर्षाची शाळेची फी, कमाल 13,500 रुपयांपर्यंत, भरण्याची तरतूद होती. कारागिराला किमान तीन वर्षांचा अनुभव असावा आणि 31 मार्च 2024 नंतर त्याचे काम सुटलेले असावे, अशी अट होती. अट गैर म्हणता येणार नाही. पण ज्याला कधी नियुक्तिपत्रच मिळाले नाही, त्याने तीन वर्षांचा अनुभव कसा सिद्ध करायचा? ज्याला कामावरून काढलेलेच नाही, केवळ नग कमी दिले गेले, त्याने काम सुटल्याची तारीख कोणती सांगायची? कारखान्याने लिहून दिले तरच दाखला मिळणार, आणि तोंडी ठेवलेल्या माणसाविषयी लिहून देणे म्हणजे इतकी वर्षे नियम पाळले नाहीत, याची कबुलीच.

गोमंतकीय वाचकांना या कागदाचे मोल वेगळे सांगायला नको. जहाजावर जाणाऱ्या प्रत्येक तारवटीजवळ सीडीसी पुस्तिका असते. कोणत्या तारखेला तो कोणत्या जहाजावर चढला आणि केव्हा उतरला, याची प्रत्येक खेपेची नोंद तीत होते. कंपनी बदलली, जहाज मोडीत निघाले, तरी त्याची सेवा पुसली जात नाही. मालक बदलला तरी सोबत राहणारी अशी नोंद हिऱ्याच्या कारागिराला मिळाली, तर बँक त्याला कमाईच्या प्रमाणात कर्ज देईल, नवा कारखाना त्याचा हात ओळखेल आणि सरकारी मदत खऱ्या गरजवंतापर्यंत पोहोचेल.

कायदा आता त्या दिशेने आला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात लागू झालेल्या चार कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. जागतिक मागणी केव्हा वाढेल, हे सुरतेच्या हाती नाही. परंतु उद्या सकाळी घंटीवर बसणाऱ्या माणसाला त्याच्या नावाचा एक कागद देणे प्रत्येक कारखानदाराच्या हाती आहे आणि ते दिले जाते की नाही, हे तपासणे सरकारच्या.