फोनमधलं ॲप म्हणजे बँक नव्हे! मग तुमचा पैसा नेमका असतो कुठे?



मे महिना संपत आला की आमच्या झाईत लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधी बोटी किनाऱ्यावर ओढायच्या, जाळी दुरुस्तीला काढायची आणि हंगामाचा हिशोब मिटवायचा. झाई हे तलासरी तालुक्यातलं समुद्राकाठचं गाव. महाराष्ट्राचा किनारा उत्तरेला इथेच संपतो, पलीकडे गुजरातचा उंबरगाव तालुका. इथे फोन कधी आपल्या राज्याचा टॉवर पकडतो, कधी शेजारच्या.

यंदा हिशोब झाल्यावर काकांनी मला बोलावलं. "तू दिवसभर मोबाइलमध्ये असतोस ना, मग सांग. साडेसहा लाख आहेत. ऑगस्टमध्ये इंजिनाचं काम काढायचंय. तोवर बँकेत ठेवू, पतपेढीत टाकू की त्या ॲपमध्ये ठेवू? ॲपवाले म्हणे ऑफर देतात."

काका उगाच विचारत नव्हते. काही वर्षांपूर्वी त्यांचे ऐंशी हजार एका पतपेढीत अडकले होते आणि ते अजून पूर्ण परत आलेले नाहीत. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मलाही नीट माहीत नाही. मग बसून शोधलं, समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतोय.

ॲपमध्ये पैसे नसतातच

पहिली गोष्ट. गुगल पे किंवा फोन पे उघडून तुम्ही बॅलन्स बघता, तो त्या ॲपमधला नसतो. तो तुमच्या बँक खात्यातला असतो. ॲप फक्त खिडकी आहे.

उदाहरण घेऊ. आमच्या भागातली बरीच पोरं ओखा, पोरबंदरला बोटींवर खलाशी म्हणून जातात. समजा तिथून एकाने घरी आईला २,००० रुपये पाठवले. आपल्याला फक्त हिरवी टिक दिसते. पण मागे हे घडतं:

१. ॲप त्याची विनंती घेतं आणि एनपीसीआयकडे पाठवतं. एनपीसीआय म्हणजे २००८ साली स्थापन झालेली संस्था. यूपीआयची सगळी वाहतूक तिच्याकडून जाते.
२. एनपीसीआय त्याच्या बँकेला सांगते, खात्यातून २,००० कमी कर. पिन बरोबर आहे का, पैसे आहेत का, हे बँक तपासते.
३. मग आईच्या बँकेला निरोप जातो, २,००० जमा कर.
४. दोन बँकांचा आपसातला हिशोब नंतर रिझर्व्ह बँकेतल्या त्यांच्या खात्यांवर मिटतो.

म्हणजे पैसे सुटले एका बँकेतून आणि पोचले दुसऱ्या बँकेत. ॲपच्या हातात ते कधी आलेच नाहीत. ॲप डिलीट केलं तरी पैसे जागच्या जागी. वॉलेटचं मात्र वेगळं आहे. वॉलेटमध्ये आधी पैसे भरावे लागतात आणि त्या शिलकीला बँकेतल्या ठेवीसारखा विमा नसतो. म्हणून वॉलेटमध्ये खर्चापुरतेच ठेवा.

ही साखळी उभी राहायला ८० वर्षं लागली

आज सोपं वाटतं, पण आमच्या आजोबांच्या काळात बँक ही शहरातल्या व्यापाऱ्याची गोष्ट होती. थोडक्यात प्रवास बघा.

१ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जुलै १९६९ ला १४ मोठ्या खासगी बँका सरकारने ताब्यात घेतल्या. पुण्यात १९३५ साली नोंदलेली बँक ऑफ महाराष्ट्र त्यातलीच एक. तेव्हा देशभरात व्यापारी बँकांच्या फक्त ८,२६२ शाखा होत्या. म्हणजे साधारण ६५ हजार माणसांमागे एक! आणि त्यातल्याही खेड्यांत जेमतेम पाचातली एक.

१९७५ मध्ये खास ग्रामीण भागासाठी प्रादेशिक ग्रामीण बँका आल्या. १९७७ पासून नियम केला गेला की जिथे बँक आहे तिथे एक शाखा उघडायची, तर जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी शाखा उघडा. १९९१ पर्यंत शाखा ६० हजारांवर गेल्या. त्यानंतर नव्या खासगी बँकांना परवाने मिळाले. एचडीएफसी, आयसीआयसीआय बँक या त्याच काळातल्या.

तरी प्रत्येक पाड्यावर शाखा उघडणं कुठल्याच बँकेला परवडत नव्हतं. त्यावर २००६ मध्ये वाट निघाली ती 'बँक मित्र' या पद्धतीची. शाखा नाही, पण दुकानात बसलेला माणूस मशीनवर अंगठा घेऊन पैसे देतो. मग आला ऑगस्ट २०१४. १ तारखेला आमचा पालघर जिल्हा वेगळा झाला आणि २८ तारखेला जनधन योजना सुरू झाली. घराघरात खाती उघडली. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तर यूपीआयवर एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले.

क्रम लक्षात घ्या. आधी शाखा, मग बँक मित्र, मग खातं आणि शेवटी फोन. खालच्या तीन पायऱ्या नसत्या तर फोनमधलं ॲप नुसतं शोभेचं राहिलं असतं.

कोण काय आहे? एकदा ओळखून घ्या

सरकारी आणि खासगी व्यापारी बँका: थेट रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली. राज्याची सीमा यांना आडवी येत नाही. झाईतलं खातं उंबरगावात चालतं.

ग्रामीण बँक: राज्यात आधी अशा दोन होत्या. १ मे २०२५ पासून एकत्र होऊन एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली.

सहकारी बँका: यात नागरी बँका आल्या आणि जिल्हा बँकाही. आमच्याकडे ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ठाणे आणि पालघर अशा दोन्ही जिल्ह्यांत काम करते. यांच्यावर रिझर्व्ह बँक आणि सहकार खातं, दोघांचं लक्ष असतं.

स्मॉल फायनान्स बँक आणि पेमेंट्स बँक: २०१५ नंतरचे प्रकार. पेमेंट्स बँकेत दिवसअखेर एका ग्राहकाचे २ लाखांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत आणि ती स्वतः कर्ज देऊ शकत नाही. पोस्टाची इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक यातलीच.

पतपेढी किंवा पतसंस्था: ही बँक नाही! बोर्ड कितीही मोठा असो. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था असते, रिझर्व्ह बँकेचा परवाना तिच्याकडे नसतो. एका राज्यापुरती असेल तर त्या राज्याच्या सहकार निबंधकाकडे, दोन-तीन राज्यांत असेल तर केंद्राच्या निबंधकाकडे. आमच्यासारख्या सीमेवरच्या गावात हा फरक फार महत्त्वाचा. अनेक पतपेढ्या चांगल्या चालतात, मी सगळ्यांना नावं ठेवत नाही. पण बुडाली तर दाद कुठे मागायची, हे पैसे टाकण्याआधी माहीत हवं.

एनबीएफसी: कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या. बहुतेक लोन ॲपच्या मागे यातलीच एखादी कंपनी किंवा बँक असते, किंवा असायला हवी.

पाच लाखांची रेघ

काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. बँक बुडाली तर डीआयसीजीसी नावाची रिझर्व्ह बँकेची संस्था विम्याचे पैसे देते. ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती, त्या दिवसापासून ५ लाख झाली. व्यापारी, ग्रामीण, सहकारी, स्मॉल फायनान्स आणि पेमेंट्स बँका, सगळ्यांना हे लागू आहे. पतपेढीला नाही.

तीन बारकावे मात्र लक्षात ठेवा:

* ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं.
* मर्यादा माणशी, एका बँकेला. एकाच बँकेच्या डहाणू आणि तलासरी शाखेत पैसे वाटले तरी ते एकत्रच मोजतात.
* प्रीमियम बँक भरते, तुमच्याकडून काही घेत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल तर पीएमसी बँक आठवा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ज्यांच्या ठेवी ५ लाखांच्या वर होत्या, त्यांची उरलेली रक्कम १० वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. या काळात कायदाही बदलला. २०२१ पासून असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली.

पैसे पाठवणं सोपं झालं, कर्ज मिळणं नाही

आता थोडं कडू. फोनमुळे पैसे दोन सेकंदात पोचतात, पण बंदीच्या दोन महिन्यांत घर चालवायला पैसे लागतात तेव्हा अजूनही बरेच जण माशांच्या व्यापाऱ्याकडूनच आगाऊ रक्कम घेतात. मग हंगामात मासळी त्यालाच द्यायची आणि भावही बहुतेक वेळा तोच ठरवतो. खरं व्याज तिथे जातं, फक्त कागदावर दिसत नाही.

यावर बँकेचा एक मार्ग आहे. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळतं, आणि १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण बँक विचारते, उत्पन्न किती? रोखीत विकलेल्या मासळीचा पुरावा काय? इथे तुमचा फोन कामाला येतो. विक्रीचे पैसे खात्यावर घेतले, तर वर्षभराचं स्टेटमेंटच पुरावा होतं.

आणि "पाच मिनिटांत लोन"वाली ॲप? आधी मागे कुठली बँक किंवा एनबीएफसी आहे ते बघा. कर्ज देणाऱ्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे, त्यात नाव शोधा. ॲप तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो मागत असेल तर तिथेच थांबा. नियमाने ते मागता येत नाही.

पैसे अडकले तर काय कराल?

* यूपीआयने माणसाला पाठवले, तुमचे कापले पण समोर जमा नाही झाले, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी पाच दिवस. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.
* आधी ॲपमध्ये आणि बँकेत तक्रार करा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी नंबर १४४४८.
* फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० वर फोन.
* अंगठा लावून पैसे काढता? पावती घ्या. आणि काम नसेल तेव्हा आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.

मग काकांनी काय केलं?

चार लाख सरकारी बँकेत आणि अडीच लाख दुसऱ्या एका बँकेत मुदत ठेवीत टाकले. दोन्हीकडे पाच लाखांच्या आत, व्याज धरूनही. ॲप त्यांच्या फोनमध्ये आहे, पण आता त्यांना माहीत आहे की ती खिडकी आहे, तिजोरी नाही.

परवा किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज घेऊन आम्ही दोघं शाखेत गेलो होतो. साहेबांनी सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागितलं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "काढ की तुझ्या मोबाइलमधून." दोन मिनिटांत निघालं. अर्ज अजून मंजूर व्हायचाय.

तुम्हीही आज घरी एवढंच विचारा: आपले पैसे कुठल्या बँकेत आहेत, आणि ती खरंच बँक आहे का?