कागदाची ओढ की पर्यायाचा अभाव?

‘कैरो लिहिते, बैरुत छापते आणि बगदाद वाचते,’ अशी एक जुनी उक्ती अरब जगात प्रचलित आहे. ते वाचन कागदावर व्हावे की पडद्यावर, हा प्रश्न आता तेथील ग्रंथालयांपुढे उभा आहे. अरबी वाचक परंपराप्रिय असल्याने छापील पुस्तक सोडत नाही, असे त्याचे सोपे उत्तर वारंवार दिले जाते. हे उत्तर तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण ग्रंथखरेदीची धोरणे पुष्कळदा अशाच समजुतींवर ठरतात.

कागदाची ओढ ही काही एकट्या अरबांची नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीत बहुसंख्यांनी अभ्यासासाठी छापील मजकुरालाच पसंती दिली. त्याच वर्षी ५४ अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून असे दिसले की, कागदावर वाचलेले अधिक नीट उमगते आणि वेळेचे बंधन असले की हा फरक वाढतो. तेव्हा परंपराप्रियतेचा शिक्का अरबी वाचकावरच मारण्याचे कारण नाही.

त्याची खरी अडचण लिपीपासून सुरू होते. अरबीतील अक्षरे एकमेकांस जोडली जातात आणि शब्दातील स्थानानुसार एकेका अक्षराची चारपर्यंत रूपे होतात. ऱ्हस्व स्वर तर सामान्यतः लिहिलेच जात नाहीत. ‘कतबा’ म्हणजे त्याने लिहिले आणि ‘कुतुब’ म्हणजे पुस्तके. परंतु दोन्ही शब्द त्याच तीन व्यंजनांनी लिहिले जातात. मराठीत रुळलेला ‘किताब’ याच धातूपासून आलेला आहे. अशा लिपीतील पानाच्या छायाचित्रावरून यंत्राने मजकूर ओळखणे दीर्घकाळ कठीण राहिले. परिणामी संगणकावर चढवलेली असंख्य अरबी पुस्तके ही नुसती पानांची छायाचित्रे आहेत. त्यांत एखादा शब्द शोधता येत नाही. किंडल हे वाचनयंत्र २००७ साली बाजारात आले. त्यावर अरबी पुस्तकांची अधिकृत सोय होण्यास २०१८ साल उजाडावे लागले. पर्याय हाताशी नसताना झालेल्या निवडीला अर्थशास्त्राच्या भाषेत ‘प्रकट पसंती’ म्हणता येणार नाही.

जेथे चांगला पर्याय मिळाला, तेथे काय घडले? ‘अल्-मक्तबा अश्-शामिला’ या विनामूल्य संगणकीय संग्रहात हदीस, कुराणभाष्ये, धर्मशास्त्र, व्याकरण व इतिहास यांचे हजारो ग्रंथ आहेत आणि त्यांतील हवा तो शब्द क्षणात शोधता येतो. परंपरेचे वारसदार म्हणावेत अशा धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनीच त्याचा मनापासून स्वीकार केला. मात्र अवतरणाची खातरजमा करण्यासाठी छापील आवृत्तीच प्रमाण मानली जाते. म्हणून या संग्रहातील अनेक ग्रंथांचे पृष्ठांक छापील आवृत्तीशी जुळवलेले असतात. शोधण्यासाठी पडदा आणि खात्रीसाठी कागद, अशी ही समंजस विभागणी आहे.

दुसरी बाजू किमतीची. इजिप्तने नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या पौंडाचा विनिमय दर मोकळा सोडला आणि त्याचे मूल्य जवळजवळ निम्म्यावर आले. २०२२ पासून पुन्हा मोठी घसरण झाली. आयात कागदावर अवलंबून असलेल्या प्रकाशकांना किमती वाढवणे भाग पडले. १९६९ पासून भरणाऱ्या कैरोच्या आंतरराष्ट्रीय पुस्तक जत्रेत २०२३ साली पुस्तके हप्त्यांनी घेण्याची सोय करावी लागली, यावरून परिस्थितीची कल्पना येते. ज्या विद्यार्थ्याला हप्ताही परवडत नाही, तो अझबकियाच्या जुन्या पुस्तकांच्या बाजाराकडे वळतो किंवा फुकट मिळालेली अनधिकृत प्रत मोबाइलवर वाचतो. त्याची गणना ‘डिजिटल वाचक’ म्हणून झाली, तरी तो त्याचा निरुपाय असतो.

येथेच धोरणाचा प्रश्न येतो. इजिप्तने २०१६ साली ‘इजिप्शियन नॉलेज बँक’ सुरू करून आंतरराष्ट्रीय नियतकालिके व ग्रंथ आपल्या नागरिकांना विनामूल्य खुले केले. हे पाऊल निःसंशय मोठे होते. परंतु त्यातील संशोधनपर साहित्याचा मोठा भाग इंग्रजीत आहे. वैद्यक व अभियांत्रिकी बव्हंशी इंग्रजीतून शिकणाऱ्यांना त्याचा लाभ सहज होतो. कायदा किंवा इतिहास अरबीतून शिकणाऱ्यांना तितका होत नाही. म्हणजे कागद आणि पडदा यांच्यातील दरीखाली दोन भाषांमधील दरी दडलेली आहे. निव्वळ वापराचे आकडे पाहून ग्रंथालयांनी छापील पुस्तकांवरील खर्च कमी केला, तर त्याची झळ नेमकी अरबी माध्यमाच्या विद्यार्थ्याला बसेल.

कागद अविनाशी आहे, असेही नाही. ‘इस्लामिक स्टेट’ने २०१४ साली मोसुल जिंकल्यानंतरच्या काळात तेथील विद्यापीठाचे ग्रंथालय उद्ध्वस्त झाले. अशा प्रसंगी दूर ठेवलेली संगणकीय प्रत हाच ग्रंथाचा विमा ठरतो. उलटपक्षी, वर्गणी भरून मिळवलेला डिजिटल संग्रह बहुधा भाड्याच्या घरासारखा असतो. परकीय चलन आटले आणि वर्गणी थांबली की त्याचे दार बंद होते.

म्हणून ग्रंथालयांनी वाचकाला ‘कागद की पडदा’ एवढेच विचारून थांबू नये. कोणत्या भाषेतील पुस्तक, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हेही विचारले पाहिजे. शब्द शोधता येईल असा अरबी मजकूर सार्वजनिक खर्चाने सिद्ध व्हावा आणि तोपर्यंत छापील ग्रंथांची खरेदी टिकून राहावी. दोन्ही पर्याय समोर असताना अरबी वाचक जे उचलील, तीच त्याची पसंती. तोवर त्याच्या स्वभावाविषयी निष्कर्ष काढणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.