कच्चा लिंबू आणि कॉम्प्युटर

गिरगावच्या चाळीत आम्ही क्रिकेट खेळायचो. एक टप्पा आउट, बॉल कुणाच्या गॅलरीत गेला तरी आउट. लहानगा मात्र कधीच आउट नाही. तो कच्चा लिंबू. हे नियम मुलांनीच केलेले. गेम डिझाइन म्हणतात ते हेच.

आता मुलं स्क्रॅचवर गेम करतात. एमआयटीने २००७ मध्ये आणलेली ही भाषा. 'जर-तर'चे ठोकळे जोडायचे. त्यात कच्चा लिंबू आणायला सांगा. चाळीत तो सगळ्यांना न सांगता कळायचा, कॉम्प्युटरला कळत नाही. लहान म्हणजे किती वर्षांचा? त्याच्या रन धरायच्या का? मूल अडतं, गप्प बसतं. त्या वेळी माउस आपल्या हातात घेऊ नका. न्याय म्हणजे काय, हेच ते ठरवत असतं.